ओइवाच्या नावावरचे जंत

ओइवा व्हॅनॅनेनला आयुष्यात फक्त एक कमी पडत होता. घर होतं, बायको होती, भावाबरोबर सामाईक का होईना, पण तळ्याकाठी एक लाकडी झोपडी होती. कमी होता तो एच-इंडेक्समध्ये. ओइवाचा एच-इंडेक्स एकोणीस होता आणि प्राध्यापकपदाच्या अर्जात छापलं होतं, ‘साधारणपणे किमान वीस अपेक्षित’.

हे दुखणं ज्यांना नाही, त्यांच्यासाठी सांगतो. संशोधकाने लेख लिहायचे आणि दुसऱ्या संशोधकांनी आपापल्या लेखांत त्यांचा हवाला द्यायचा. ज्याच्या वीस लेखांना प्रत्येकी निदान वीस हवाले मिळाले, तो वीसचा माणूस. रक्तातल्या साखरेसारखाच हा आकडा वरचेवर तपासावा लागतो, फक्त तो वाढला तर लोक अभिनंदन करतात.

ओइवाचं काम प्रकाशाचं. नखाएवढ्या काचेवर कोट्यवधी खांब उभे करायचे, एकेक खांब केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक, आणि त्या खांबांच्या रानातून प्रकाशाला हवा तसा वळवायचा. याला मेटासरफेस म्हणतात. जाडजूड भिंगाचं काम त्यामुळे सपाट काचेकडून करून घेता येतं. ओइवा हे बावीस वर्षं करत होता आणि बावीस वर्षं दोन-दोन वर्षांच्या करारावर करत होता. दर दुसऱ्या वसंतात त्याची बायको मार्युक्का विचारायची, “हं, यंदा आहे का नोकरी?” तळ्यावरचा बर्फ अजून वजन धरतो का, असं विचारावं, तसा तो स्वर. मार्युक्का एका शाळेचं स्वयंपाकघर चालवायची. रोज चारशे मुलांना जेवू घालायची आणि तिला कोणी आकडा विचारत नव्हतं.

आता बावीस वर्षांनी विद्यापीठाने नेमक्या याच विषयातली कायमची जागा काढली होती. (विद्यापीठाचं नाव सांगत नाही. पूर्व फिनलंडमधल्या त्या गावात ते एकच आहे, गाव सांगितलं की संपलं.) ओइवा त्रेपन्न वर्षांचा होता. यानंतरची जागा निघेल तेव्हा तो स्वतः निघालेला असता.

गंमत म्हणजे विसावा लेख होता. चांगला दणदणीत होता. दोन हजार नऊ साली ओइवाने सपाट भिंगावर एक लेख लिहिला होता आणि त्याला तीनशे चाळीस हवाले मिळाले होते. पण व्हॅनॅनेन या नावात अक्षरांच्या डोक्यावर एकूण सहा टिंबं आहेत आणि ती छापणाऱ्या यंत्राला पेलली नाहीत. त्याने टिंबांसकट अक्षरंच गाळली. उरलेल्या सांगाड्यातून ‘व्ही. एन. नेन’ नावाचा एक नवाच संशोधक जन्माला आला. या नेनने आयुष्यात एकच लेख लिहिला होता आणि त्या एकाच लेखावर तो ओइवापेक्षा प्रसिद्ध होता. एका परिषदेत एका तरुण बाईंनी ओइवाला चहाच्या टेबलापाशी गाठून विचारलं होतं, “तुम्हीही सपाट भिंगांवरच काम करता? मग नेन वाचलेत का? आधी नेन वाचा.” ओइवाने “वाचतो” म्हटलं होतं. आणि हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं होतं.

“मग कळव की त्या हवाले मोजणाऱ्या संस्थेला, की तो लेख तुझा आहे,” मार्युक्का म्हणाली.

“कळवलंय. सहा वर्षांपूर्वी.”

“मग?”

“नेनची संमती आणा म्हणाले.”

अर्जाची मुदत पुढच्या पंधरवड्यातल्या शुक्रवारी संपत होती. मुदतीला तेरा दिवस उरले असताना, शनिवारी, इमारतीच्या तळघरातल्या सौनामध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, पुरुषांची पाळी होती, आणि वरच्या बाकावर क्योस्ती बसला होता. क्योस्ती म्हणजे कस्टममधून निवृत्त झालेला अधिकारी आणि सोसायटीचा अध्यक्ष. ओइवाहून सतरा वर्षांनी मोठा. पण अंगावर कपडा नसलेल्या माणसाला अहो-जाहो करणं कोणालाच जमत नाही, त्यामुळे दोघांचं अरे-तुरे होतं.

“तुझं चुकतंय कुठे माहितेय का?” तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतत क्योस्ती म्हणाला. “तू एक वस्तू मागायला जातोस. एक वस्तू मागणाऱ्यावर सगळ्यांना संशय येतो. चाळीस वर्षं बघतोय मी. एक पेटी घेऊन येणाऱ्याची पेटी उघडायची आणि ट्रक घेऊन येणाऱ्याला सलाम करायचा. सगळं एकदम माग! म्हणावं, ही सगळी नावं माझीच.”

“सगळी?”

“जेवढी तुझ्यासारखी दिसतील तेवढी. उगाच निवडत बसलास की मेलास.”

आता सल्ला देणारा माणूस वरच्या बाकावर असेल आणि पारा नव्वदच्या पुढे असेल, तर कुठलाही सल्ला पटतो. रविवारी सकाळी ओइवा कॉम्प्युटरसमोर बसला. हवाले मोजणाऱ्या त्या परदेशी संस्थेच्या पानावर खरंच एक प्रश्न होता, ‘या व्यक्ती म्हणजेही तुम्हीच का?’ खाली यादी. व्ही. एन. नेन. ओ. वानानेन. ओ. व्हाएआएनाएनेन, हा कोणी तरी जर्मन माणसाने टिंबं इमानदारीने सोडवायचा केलेला प्रयत्न. एकेक नाव उघडून बघायला ओइवाने सुरुवात केली, तर तिसऱ्या नावाला पान म्हणालं, तुमचा वेळ संपला, पुन्हा सुरुवात करा. असं चारदा झालं. पाचव्या वेळी ओइवाला क्योस्ती आठवला आणि त्याने ‘सर्व’ वर टिचकी मारली. पानाने चटकन आभार मानले. सरकारी किंवा निमसरकारी काम इतक्या गोडीत झालं की माणसाने घाबरावं, पण ओइवा उठून कॉफी प्यायला गेला.

मंगळवारी सकाळी त्याचा एच-इंडेक्स सत्तेचाळीस होता.

ओइवाने चष्मा पुसला. लेख दोनशे सव्वीस, हवाले नऊ हजार सहाशे. त्याने यादी उघडली. सपाट भिंगं होती, नेन होता, आणि त्यांच्या खालीवर, आजूबाजूला, रेनडिअरच्या पोटातले जंत होते. ‘उत्तर लॅपलंडमधील वासरांच्या चौथ्या पोटातील गोलकृमी.’ ‘गोलकृमींचे हिवाळ्यातील वर्तन.’ ‘गोलकृमींच्या वर्तनाबद्दल काही पुनर्विचार.’ एकशे चाळीसहून अधिक लेख, सगळे ओ. वानानेनचे. आणि हे वानानेन म्हणजे, शोधल्यावर कळलं, ओर्वोक्की व्हॅनॅनेन नावाच्या बाई, पशुवैद्य, निवृत्त.

ओइवा तसाच फोनकडे धावला. पण विद्यापीठाची प्रणाली त्या संस्थेचे आकडे रोज पहाटे आपोआप ओढून घेते. ज्या प्रणालीला त्याची रजा मंजूर करायला तीन आठवडे लागायचे, तिने हे काम सहा मिनिटांत केलं होतं. खालच्या दालनातल्या मोठ्या पडद्यावर ओइवाचा फोटो झळकत होता. खाली लिहिलं होतं, ‘सर्वाधिक हवाले: ओइवा व्हॅनॅनेन. प्रकाशापासून परजीवींपर्यंत!’

“चूक आहे ती,” ओइवाने प्रसिद्धी विभागाला सांगितलं.

“किती विनयशील आहेस,” प्रसिद्धी विभाग म्हणाला.

यातली अडचण त्या देशात राहिल्याशिवाय कळायची नाही. तिथे माणूस “हे माझं नाही” म्हणाला की सगळ्यांची खात्री पटते, त्याचंच. ओइवा जितका नाकारत गेला तितकं त्याचं नाव होत गेलं. गुरुवारी कँटीनमध्ये वाटाण्याच्या सूपच्या रांगेत खुद्द रेक्टर, म्हणजे कुलगुरू, मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “जंत! बावीस वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीस!” ओइवा म्हणाला, “माझे नाहीत ते.” रेक्टर इतके हसले की त्यांच्या थाळीतलं पॅनकेक घरंगळलं. शेजारच्या प्रयोगशाळेतले सहकारी, ज्यांचा एच-इंडेक्स एकवीस होता आणि ते तो बोलण्यात सहज आणत असत, त्यांनी ओइवाशी बोलणं बंद केलं. शुक्रवारी गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली. शनिवारी दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आपला कुत्रा घेऊन दारात उभ्या.

“सारखा बूड घासतो हो गालिच्यावर,” त्या म्हणाल्या.

“मी भौतिकशास्त्रातला आहे,” ओइवा म्हणाला.

“बघा तरी! बघायला काय जातंय?”

आतून मार्युक्का म्हणाली, “बघ रे, बिचारीने पाव आणलाय घरी केलेला.” ओइवाने कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने ओइवाकडे बघितलं. दोघांपैकी एकालाही पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं.

सोमवारी ओइवा ग्रंथालयात गेला. तिथे प्रकाशनांच्या नोंदी तेल्लेर्वो बघायची. जाड काचांच्या चष्म्याची ही बाई विद्यापीठात एवढी जुनी होती की तिच्याशिवाय कुठलीच नोंद पुरी होत नसे.

“हे काढायचंय मला,” ओइवा म्हणाला. “एकशे चाळीस लेख. मी लिहिलेले नाहीत.”

“पुरावा?”

“कशाचा?”

“लिहिले नाहीत याचा.” तेल्लेर्वोने पडदा त्याच्याकडे फिरवला. “हे बघ, असंच लिहिलंय. लिहिल्याचा पुरावा लोक आणतात रे. न लिहिल्याचा कोणी आणला नाही अजून. मलाही उत्सुकता आहे.”

“आणि वेळ किती लागेल?”

“तीस दिवस. कामाचे.”

“शुक्रवारी मुदत आहे, तेल्लेर्वो!”

“मग सत्तेचाळीसच राहू दे. लोक मारामाऱ्या करतात सत्तेचाळीससाठी.”

ओइवा खुर्चीत बसला. खोटं कशाला बोला, तो विचार त्याच्या मनात येऊन गेला. अर्जातला आकडा प्रणाली स्वतः भरणार होती, ओइवाला त्याला हातही लावता येत नव्हता. म्हणजे खोटं प्रणाली बोलणार, तो नाही. मार्युक्काचं ‘यंदा आहे का’ कायमचं थांबलं असतं. हा मोह जवळजवळ अर्धं मिनिट टिकला. मग त्याला वासरांचं चौथं पोट आठवलं. कोणीतरी बाई हिवाळ्या-हिवाळ्यात बर्फात उभी राहून त्यात हात घालत होती, आणि ते हात त्याच्या नावावर लागले होते.

“नको,” तो म्हणाला. “मी स्वतःच काढतो.”

घरी येऊन तो एकेक जंत खुडायला लागला. शंभराव्या जंताला संस्थेच्या पानाने, संशयास्पद हालचाल आढळली, असं जाहीर करून त्याचं खातं गोठवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे विद्यापीठाच्या प्रणालीने नेहमीच्या तत्परतेने नवा आकडा ओढून घेतला. ओइवा व्हॅनॅनेन: लेख शून्य. हवाले शून्य. खालच्या दालनातला फोटो मात्र तसाच राहिला, कारण तो काढायला प्रसिद्धी विभागाकडे वेगळा अर्ज लागतो.

“क्योस्तीला विचारू का?” त्या संध्याकाळी ओइवा क्षीण आवाजात म्हणाला.

“क्योस्तीचं नाव काढलंस तर मी माहेरी जाईन,” मार्युक्का म्हणाली. “त्या बाईंना फोन कर. ज्यांचे जंत आहेत त्यांना.”

ओर्वोक्की व्हॅनॅनेन उत्तरेत, शेवटच्या स्टेशनापासूनही बसने तीन तास लांब राहत होत्या. फोन सातव्या घंटेला उचलला गेला.

“मी ओइवा व्हॅनॅनेन बोलतोय. तुम्ही मला ओळखत नाही...”

“तू भिंगवाला का?” पलीकडून आवाज आला. “बारा वर्षं तुझी पत्रं येतायत मला. तैवानला भाषण द्या, तैवानला भाषण द्या. शेवटी मी कळवलं, रेनडिअर पाठवा, येते.”

ओइवाने सगळं सांगितलं. नेन, सौना, ‘सर्व’, कुत्रा.

“म्हणजे तो तू होतास,” बाई म्हणाल्या. आवाजातली चेष्टा गेली होती. “मागच्या मंगळवारी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलं, बाई, तुम्ही काहीच लिहिलेलं नाही असं दिसतंय. मी स्वतः बघितलं. खरंच काही नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असं दिसलं ना, की माणूस आधी कॉम्प्युटरवर संशय नाही घेत, स्वतःवर घेतो. मला वाटलं, झालं सुरू डोक्याचं. माळ्यावर चढून मी माझे छापील लेख खाली काढले. मोजले. मग बरं वाटलं.”

बावीस वर्षांत आकड्यांसाठी ओइवाचा जीव पुष्कळदा खालीवर झाला होता, पण आकड्यांची लाज त्याला पहिल्यांदाच वाटली. “मला माफ करा,” तो म्हणाला. त्या भाषेत हे शब्द सहसा कोणी काढत नाही, आणि काढले की खरे असतात.

“हं,” बाई म्हणाल्या. “किती शिकलायस एवढं, आणि ‘सर्व’ दाबतोस? असू दे. काय लिहून हवंय ते सांग. आणि त्या कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायला सांग, तुला दाखवून काय उपयोग?”

गुरुवारी पत्र आलं. जाड कागद, निळी शाई, खाली कुठल्याशा रेनडिअरपालक संघाचा शिक्का. तेल्लेर्वोने ते ग्रंथालयात उभं राहून मोठ्याने वाचलं:

“‘मी, ओर्वोक्की व्हॅनॅनेन, निवृत्त पशुवैद्य, असे लिहून देते की सोबतच्या यादीतले सगळे जंत माझे आहेत. भिंगांपैकी एकही माझे नाही. ओइवा व्हॅनॅनेन या गृहस्थांनी आजवर एकाही रेनडिअरच्या पोटात हात घातलेला नाही. हे त्यांच्याशी पाच मिनिटे बोलल्यावर कोणाच्याही लक्षात येईल.’”

तेल्लेर्वोने चष्मा काढून डोळे पुसले. “सव्वीस वर्षांच्या नोकरीत असा कागद बघितला नाही,” ती म्हणाली, आणि त्यावर ग्रंथालयाचे दोन शिक्के मारले. एक पुरला असता.

तरी तीस दिवस ते तीस दिवसच. शुक्रवारी अर्ज गेला तो शून्यासकट. ओइवाने खालच्या मोकळ्या चौकटीत घडलेलं सगळं आठ ओळींत लिहिलं, बाईंचं पत्र जोडलं आणि आपल्या लेखांची यादी हाताने टाइप करून लावली. कुठल्याही यंत्राला न विचारता, आठवेल तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग तो झोपडीवर जाऊन दोन दिवस लाकडं फोडत बसला.

एप्रिलच्या मध्यावर मुलाखत झाली. टेबलापलीकडे अधिष्ठाता, कार्यालयातले एक गृहस्थ, आणि बाहेरच्या परीक्षक म्हणून स्वीडनहून आलेल्या प्राध्यापिका सेडरक्विस्त. कार्यालयातल्या गृहस्थांनी घसा खाकरला.

“प्रणालीप्रमाणे तुमचा एकही लेख नाही.”

“हो,” ओइवा म्हणाला. “अर्जात किमान वीस म्हटलंय, मला माहितेय. त्यासाठीच तर...”

“ती ओळ?” अधिष्ठात्यांनी मान वर केली. “ती जुन्या छापील अर्जावरून राहून गेली. तीन वर्षं झाली, आम्ही आकडा बघतच नाही.”

ओइवाला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिण्यात अर्थ नाही. तो पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसला.

“मी लेख वाचलेत,” सेडरक्विस्तबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात ओइवाने टाइप केलेली यादी होती, आणि तिच्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. “हे अगदी शेवटी, लेखांनंतर लावलेलं. दोन हजार चौदाच्या लेखाची दुरुस्ती. एका पानाची. हिला हवाले किती?”

“एकही नाही.”

“काय होती चूक?”

“खांबांची उंची साठ नॅनोमीटरने चुकली होती,” ओइवा म्हणाला. “कोणाच्या लक्षात आली नव्हती. मलाच वर्षभराने दिसली. माझीच चूक, सहकाऱ्यांची नाही.”

“माझ्याकडे एक मुलगी तुमच्या मूळ लेखाप्रमाणे भिंग बनवत होती,” बाई म्हणाल्या. “आठ महिने. बनेना. संशोधन सोडते म्हणाली, राजीनामा लिहून आणला. त्या आठवड्यात तिला हे पान सापडलं. पुढच्या आठवड्यात भिंग झालं. आता ती स्वतःची प्रयोगशाळा चालवते. हवाला द्यायचं मात्र राहून गेलं तिचं, आणि माझंही.” त्यांनी यादी खाली ठेवली. “आपली चूक कोणाला दिसलेली नसताना छापणारी माणसं मी फार बघितली नाहीत. आता मला त्या नव्या कामाबद्दल सांगा.”

ओइवा सव्वा तास बोलला. मधे एकदा उठून त्याने फळ्यावर खांबही काढले. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की इतका वेळ तो आकडा विसरलाच होता.

निकाल आला तो टायरच्या दुकानात. हिवाळी टायर काढून उन्हाळी चढवायचा तो आठवडा, सगळं गाव रांगेत. मार्युक्का गाडीजवळ उभी होती. ओइवा नंबराचा कागद धरून बाकावर बसला होता, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. त्याने पत्र उघडलं. एकदा वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं, आणि फोन मार्युक्कापुढे धरला.

तिने वाचलं. “कायमची?”

“कायमची.”

“म्हणजे पुढच्या वसंतात मी काही विचारायचं नाही?”

“नाही.”

मार्युक्का त्याच्या शेजारी बसली. रांगेत, लोकांसमोर, तिने त्याचा हात धरला. एकतीस वर्षांच्या संसारात गावाने हे पहिल्यांदा पाहिलं. ओइवाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना. छातीवरून कोणीतरी बावीस वर्षांनी उठून गेल्यासारखा त्याला श्वास येत होता.

हात पुसत दुकानातला मेकॅनिक बाहेर आला. त्याने ओइवाकडे बघितलं, मग त्याच्या टायरांकडे बघितलं, आणि जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “अहो, रडू नका. जुनेच अजून एक उन्हाळा आरामात जातील.”